बाबांना भारीच्या चायनीजमध्ये नेलं आणि बिल खोटं सांगितलं, आता काय करू?

वालाची_उसळ

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होते, आज अडचण आलीय म्हणून पहिला धागा काढतेय, सांभाळून घ्या. लांबलचक होणार आहे.

आई दीड महिना पुण्याला बहिणीकडे गेलीय बाळंतपणासाठी. बाबा घरी एकटे. वय ७७, माझगाव डॉकमधून रिटायर, डॉकला १९७१ साली लागले ते थेट शेवटपर्यंत. स्वयंपाकातलं येतं काय तर अंड्याची बुर्जी आणि मासळी साफ करणं, मधलं काही नाही. मी रोज फोन करून विचारते काय जेवलात, तर उत्तर ठरलेलं, बुर्जी-पाव, नाहीतर "समोरच्या गाडयेवरचा ट्रिपल शेजवान". हो, माझे बीपीवाले बाबा आठवड्यातून तीनदा ट्रिपल शेजवान खातात, राईस वेगळा, नूडल्स वेगळ्या, ग्रेव्ही वेगळी आणि वर हाफ फ्राय, आणि आईला सांगतात भाजी-भाकरी खाल्ली. (खोटं बोलण्याचं बाळकडू कुठून मिळालं ते पुढे कळेलच.)

तर मला वाटलं चायनीज एवढं आवडतंय तर एकदा खरं चांगलं चायनीज खायला घालू. ऑफिस बीकेसीत आहे, जवळच एक भारीतलं हॉटेल आहे, नाव लिहीत नाही, का ते कळेल. शनिवारी दुपारचं टेबल बुक केलं. बाबा लग्नाला घालतात तो पांढरा शर्ट घालून आले, हातात कापडी पिशवी. म्हटलं पिशवी कशाला? तर म्हणे येताना कोथिंबीर घेऊ.

आत अंधार. बाबा दारातच थांबून म्हणाले, "लाईट गेली काय गो?" मी म्हटलं हळू बोला. हे "हळू बोला" मी त्या दुपारी किमान पंधरा वेळा म्हटलं असेल, आता आठवून कसंतरी होतं.

मेन्यू कार्ड आलं. बाबांनी चष्मा लावला आणि उजव्या बाजूचे आकडे तेवढे वाचले. मी कार्ड काढूनच घेतलं हातातून. मग ऑर्डर घ्यायला एक मुलगा आला, पंचविशीचा असेल, अगदी हसतमुख, आणि बाबांनी पहिल्या झटक्यात विचारलं, "आप चायना से आया क्या?" मला धरणीमाता पोटात घेईल तर बरं असं झालं. तो मुलगा शांतपणे म्हणाला, "नहीं सर, मणिपूर." बाबांनी कान पकडला, सॉरी म्हणाले, आणि लगेच पुढचा प्रश्न, तिकडे मासळी मिळते काय? झालं. दहा मिनिटं दोघं सुक्या मासळीवर. तिकडे न्गारी म्हणून आंबवलेले मासे असतात म्हणे, वासाने शेजारी भांडतात. बाबा म्हणाले आमच्या बिल्डिंगमध्ये सुकटीवरून सोसायटीची मीटिंग झालीय. मी आपली चहा ओततेय.

चहा म्हणजे जास्मिन टी. बाबांनी दूध मागितलं नाही हे नशीब, पण वास घेऊन म्हणाले, "ह्यो तर मोगरो." त्यांना फार गरम सोसत नाही म्हणून ते किटलीचं झाकण काढून बाजूला ठेवायचे, आणि ते झाकण काढलं की कोणीतरी येऊन किटली भरून जायचं. परत झाकण काढायचे, परत भरून. चार किटल्या झाल्या. नंतर मी गुगल केलं तेव्हा कळलं की झाकण उघडं ठेवणं म्हणजे तिकडच्या पद्धतीत "अजून पाणी द्या" अशी खूण असते. बाबांना वाटलं काय आग्रह करतात माणसं.

मग डिमसम आले, म्हणजे वाफवलेले चिनी मोदकच, कोळंबीचे, ते पारदर्शक पारीचे असतात ते. बाबांनी एक उचलून उजेडाकडे धरला, आतली कोळंबी दिसतेय का बघितली, कळ्या मोजल्या. म्हणाले पारी पातळ आहे, तुझ्या आईला एवढी पातळ जमत नाही, पण हे तिला सांगू नको. (आई, तू इथे वाचत नाहीस म्हणून लिहितेय.)

मग ते चिकन, लाल सुक्या मिरच्यांचा ढीग असतो आणि त्यात चिकनचे बारके तुकडे शोधायचे. बाबांनी दोन घास खाल्ले आणि एकदम थांबले. ओठांवरून बोट फिरवलं. म्हणाले, "जीभ बधिर झाली."

मंडळी, माझ्या पोटात गोळा आला. ७७ वय, बीपी, जीभ बधिर. मी म्हटलं बाबा हात वर करा, दोन्ही हात वर करा, हसून दाखवा. ते हात वर करून हसतायत, आजूबाजूचे लोक बघतायत, मी फोनवर १०८ लावायच्या बेतात. आणि ते तोंडातून काहीतरी काढून तळहातावर ठेवतात, चष्मा कपाळावर सरकवतात, दोन बोटांनी चुरडून वास घेतात आणि त्या अख्ख्या अंधाऱ्या हॉटेलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, "गो, ह्या तिरफळ!"

तो मणिपूरचा मुलगा पळत आला, त्यालाही वाटलं काहीतरी झालं. बाबा त्याला तळहात दाखवून सांगतायत हे आमच्या बांगड्याच्या तिखल्यात घालतात, माझी आई घालायची, पावसाळ्याच्या शेवटी झाडावरून काढायची, काटेरी झाड, बी काढून फेकायची आणि टरफल वाळवायचं. तो म्हणाला हे चीनवरून येतं सर, पण आमच्याकडेही असंच असतं, मुकथ्रुबी म्हणतात. मग दोघंही एकेक दाणा चावून बघतायत. ड्युटीवर असताना तो मुलगा चावून बघतोय! म्हणाला, आमचं जास्त वासाचं. बाबा म्हणाले, आमचं जास्त.

इथपर्यंत सगळं छान. पुढे कमळाच्या पानात बांधलेला चिकट भात आला. बाबांची वरची कवळी आहे. तो भात कवळीला असा बसला की काही केल्या निघेना. बाबांनी मान खाली घालून कवळी काढली आणि नॅपकिनमध्ये गुंडाळून बाजूला ठेवली, की जेवण झाल्यावर बेसिनवर धुऊ. मी वॉशरूमला गेले होते. तेवढ्यात कोणीतरी प्लेटी बदलायला आलं आणि नॅपकिन उचलून घेऊन गेलं.

मी परत आले तर बाबा तोंडावर हात धरून बसलेले. "माजी कवली न्हेली."

बारा मिनिटं. मी घड्याळ बघत होते. आत लाँड्रीला जाणाऱ्या कपड्यांचं पोतं उलटं केलं म्हणे त्यांनी. त्या बारा मिनिटांत माझे बाबा, वरचे दात नसताना, टेबलाशी उभ्या मॅनेजरला सांगत होते की १९७४ साली त्यांचा पहिला खोटा दात माझगावातल्या एका चिनी डॉक्टरने बसवला, पाटीवर नाव नव्हतं, नुसता मोठा दात रंगवलेला होता, तो डॉक्टर डॉकमधल्या लोकांकडून हप्त्याने पैसे घ्यायचा आणि त्याचं हिंदी बाबांपेक्षा वाईट होतं, पण दात तीस वर्षं टिकला. मला ही गोष्ट माहीतच नव्हती! ४३ वर्षांची झाले मी.

शेवटी तो मुलगा आला. ट्रेवर नवीन घडी घातलेला नॅपकिन, त्यावर झाकणाची छोटी वाटी. बाबांनी झाकण उचललं, आत बघितलं, आणि म्हणाले, "ह्यो डिमसम बरो आसा."

तर आता मुद्दा. बिल आलं ६,७४०. टॅक्सीत बाबांनी विचारलं किती झालं. मी म्हटलं अठराशे. का म्हटलं माहीत नाही, तोंडातून गेलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "दोघांचे अठराशे म्हणजे बरा आसा." त्यानंतर त्यांनी बिल्डिंगभर सांगितलंय, आईला फोन करून सांगितलंय, आणि आई परत आली की मामा-मामींना घेऊन सगळे तिथे जेवायला जायचं ठरवलंय, बिल ते देणार. माझ्या समोर बसून हिशोब केला, दोघांचे अठराशे तर पाच जणांचे साडेचार हजार, वर पाचशे धरू. पेन्शनीतून बाजूला काढून ठेवलेत.

काय करू? खरं सांगू?

---

कसारा लोकल

ट्रेनमध्ये वाचत होते, डिमसमच्या वाक्याला एवढ्या जोरात हसले की समोरच्या बाईने पर्स जवळ घेतली.

खरं अजिबात सांगू नका. मी गेली अकरा वर्षं सासूबाईंना प्रत्येक साडीची किंमत निम्मी सांगते, आता त्या मला त्याच भावात चार साड्या आणायला सांगतात. तरीही मी सांगितलेलं नाही.

---

तिरकस

एक, मराठी माणसाला पैसे जास्त झाले की तो गरम पाण्यात मोगरा बुडवून पितो. त्याच पैशात लालबाग-परळला महिनाभर मालवणी जेवण झालं असतं.

दोन, त्या मुलाला "चायनाहून आला का" विचारणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. ईशान्येकडच्या पोरांना मुंबईत हे रोज ऐकावं लागतं, घर भाड्याने मागताना तर फारच.

---

वालाची_उसळ

@तिरकस, दुसरा मुद्दा शंभर टक्के मान्य, म्हणूनच लिहिलं, लपवलं नाही. बाबांनी कान पकडला तो खरा पकडला. निघताना त्याला वेगळं गाठून परत सॉरी म्हणाले आणि नाव-गाव विचारून घेतलं.

पहिला मुद्दा, महिनाभर मालवणी ते घरीच खातात हो, आई असली की.

---

मीठमसाला

धागा वाचून राहवलं नाही, तिरफळ हा माझा जिव्हाळ्याचा विषय.

बाबांनी अगदी बरोबर ओळखलं. आपलं तिरफळ आणि सिचुआन पेपर ही एकाच झँथोझायलम कुळातली भावंडं, जात वेगळी. नावात पेपर असलं तरी मिरीशी काही संबंध नाही, ही मंडळी लिंबू-संत्र्याच्या घराण्यातली, म्हणून चुरडलं की आधी लिंबाच्या सालीसारखा वास येतो. खायची असते ती टरफलं, आतली काळी बी कचकच लागते, ती तिकडेही फेकतात आणि आपणही फेकतो. जीभ बधिर होते ती सान्शूल म्हणून एक द्रव्य असतं त्याने, मुंग्या आल्यासारखं वाटतं ना ते. चिनी लोकांनी या चवीला नावच ठेवलंय, माला, त्यातलं मा म्हणजे बधिर आणि ला म्हणजे तिखट. आपल्याकडे एवढी चव असून तिला वेगळं नाव नाही याचं मला वाईट वाटतं.

गंमत म्हणजे गाडीवरच्या "शेजवान"मध्ये हे टरफल औषधालाही नसतं. तिथे लाल मिरची, ढीगभर लसूण, व्हिनेगर आणि रंग. सिचुआन प्रांताचं नाव फक्त, बाकी सगळं आपलं. म्हणजे बाबा आठवड्यातून तीनदा शेजवान खात होते पण खरं शेजवान त्यांनी खाल्लं ते आजीच्या हातच्या तिखल्यात.

आमच्याकडे तिरफळ ठेचून नुसतं वासापुरतं टाकतात आणि ताटात आलं की बाजूला काढतात. तुमच्या त्या चिकनमध्ये थेट तोंडात येतं, म्हणून झटका बसतो. आणि हो, बांगडा, तारली असल्या तेलकट मासळीलाच, पापलेटला तिरफळ घालणाऱ्यांशी मी बोलत नाही.

---

अलिबागचा पांढरा कांदा

मासा नाही घेतला का हो? भारी चायनीजला जाऊन आख्खा वाफवलेला मासा न खाणं म्हणजे पंढरपूरला जाऊन बाहेरूनच परत येणं.

---

वालाची_उसळ

अय्यो हो, तो लिहायचाच राहिला, कवळीच्या नादात. घेतला होता! मेन्यूत "सी बास" होतं. शिजवायच्या आधी ट्रेमध्ये आणून दाखवतात, लोक बघून मान हलवतात. बाबांनी बोट घालून कल्ला उघडला. मी डोळे मिटले. आतून लाल होता, डोळाही फुगीर, तेव्हा पसंती दिली आणि म्हणाले ह्यो चोणक. शिजून आला तो आलं आणि कांद्याची पात घालून, खाली सोया, आणि वरून टेबलापाशी कडकडीत तेल ओततात, चर्रर्र झालं. बाबा म्हणाले फोडणी शेवटी देतात वाटतं ही माणसं. मग डोक्याकडून सुरुवात करून गाल काढून मला दिले. लहानपणी द्यायचे तसेच. नंतर मासा उलटा केला तेव्हा तो मुलगा हसला, म्हणाला कँटोनीज लोक मासा उलटवत नाहीत, होडी उलटते असं मानतात. बाबा म्हणाले मी डॉकमध्ये होतो, आम्ही बोटी सुलट्या करायचो.

---

अलिबागचा पांढरा कांदा

चोणक काय चोणक! तो जिताडा. आमच्याकडे एकेकाळी साहेबाकडे काम अडलं की घरी जिताडा पोचवायचे, दुसऱ्या दिवशी फाईल हलायची.

---

वेंगुर्ल्याचो

जिताडा तुमचो, आमचो चोणकच. मासो एकच आसा, भांडा नको. पण एक सांगतंय, मेन्यूत "चिलियन सी बास" लिवलेला आसात तर तो चोणक न्हय. तो लांब दक्षिणेकडच्या थंड समुद्रातलो वेगळोच मासो, टूथफिश. म्हाग बी तोच आसता. आदी विचारून घेवचा.

---

नानबा

लेखन उत्तम. पण अशा ठिकाणी अजिनोमोटो घालतात, बीपी असलेल्या वृद्ध माणसाला नेऊ नये. मला स्वतःला चायनीज खाल्लं की डोकं दुखतं. सर्वांनी विचार करावा.

---

मीठमसाला

@नानबा, आदरपूर्वक. अजिनोमोटो हे कंपनीचं नाव, पदार्थ म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट. १९०८ साली इकेदा नावाच्या जपानी प्राध्यापकाने कोंबू या समुद्री शेवाळातून ती चव वेगळी काढली. तेच ग्लुटामेट टोमॅटोत असतं, जुन्या चीजमध्ये असतं. "चायनीज खाल्लं की डोकं दुखतं" ही भानगड १९६८ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय मासिकात छापून आलेल्या एका डॉक्टरच्या पत्रावरून पसरली, नंतरच्या अभ्यासांत नेहमीच्या खाण्यातल्या प्रमाणाला तसं काही ठामपणे दिसलं नाही.

बीपीसाठी घाबरायचंच तर मिठाला घाबरा. सोया सॉस म्हणजे पातळ मीठ. त्या हिशोबाने गाडीवरचं ट्रिपल शेजवान हा खरा शत्रू.

---

नानबा

माझं डोकं दुखतं हे मला माहीत आहे, अभ्यासाला विचारायची गरज नाही.

---

शाकाहारी श्रीमती

मामा-मामी शाकाहारी असतील तर एक धोक्याची सूचना देऊन ठेवते, मी फसलेली आहे. भाजी नुसती ब्रोकोली-मशरूमची असली तरी सॉस ऑयस्टरचा असू शकतो, म्हणजे कालवांचा. मापो टोफू नावाला टोफू, पण मूळ पदार्थात खिमा असतो. सूपचं पाणी चिकनचं. आधीच स्पष्ट सांगायचं की ऑयस्टर सॉस नको, फिश सॉस नको, स्टॉक भाजीचा हवा. बहुतेक चांगल्या ठिकाणी वेगळं करून देतात. मी सांगितलं नव्हतं, अर्धी प्लेट संपल्यावर शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी सांगितलं, त्यानंतर मी तीन सोमवार जास्तीचे केले.

---

माझगावकर

त्या दाताच्या डॉक्टरसाठी लॉगिन केलं, दोन वर्षांनी.

अशा पाट्या आम्हीही बघितल्यात. मुंबईतले चिनी म्हणजे हॉटेलवाले असं नंतर झालं, आधी दातांचे डॉक्टर, चपलांची दुकानं, ब्युटी पार्लर आणि बंदरावरची कामं. त्यांची वस्ती माझगावात होती, त्याची खूण अजून आहे. डॉकयार्ड रोड स्टेशनवरून चालत गेलं की नवाब टँकजवळ सी युप कून, क्वान कुंग या चिनी देवाचं मंदिर, १९१९ सालचं. बाहेरून साधं दुमजली घर वाटतं. चिनी नववर्षाला तिथे गर्दी होते. बाबांना जरूर घेऊन जा.

पाटीवर नाव नसायचं त्याचं कारण प्रत्येकाचं वेगळं असेल, तुमच्या डॉक्टरचं मी सांगू शकत नाही. पण १९६२च्या युद्धानंतर भारतातल्या जवळजवळ ३,००० चिनी वंशाच्या माणसांना उचलून राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत ठेवलं होतं, काही जण तिथे वर्षानुवर्षं राहिले. त्यातले बरेच इथेच जन्मलेले. आमच्या शाळेत एक मुलगा होता, तो स्वतःचं नाव दोन प्रकारे सांगायचा, घरी एक आणि मास्तरांना एक. आम्हाला तेव्हा गंमत वाटायची.

आता खाण्याचं. तुमच्या बाबांच्या गाडीवरचं मंचुरियन हे मुंबईचंच बाळ. नेल्सन वाँग कलकत्त्याचे, इथे येऊन क्रिकेट क्लब ऑफ इंडियात काम करत होते, १९७५ साली कोणीतरी नवीन काहीतरी दे म्हटलं म्हणून आलं-लसूण-हिरवी मिरची घेतली, गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस घातला, कॉर्नफ्लॉवर लावलं, झालं चिकन मंचुरियन, असं ते स्वतः सांगायचे. पुढे १९८३ला त्यांनी केम्प्स कॉर्नरला चायना गार्डन काढलं, तेव्हा तिथे जेवणं म्हणजे पेपरात नाव येण्यासारखं होतं. त्याच्या दहा वर्षं आधी, १९७३ला, ताजमध्ये गोल्डन ड्रॅगन सुरू झालं आणि मुंबईच्या श्रीमंतांना सिचुआन कळलं. म्हणजे बाबांचा दात बसला साधारण त्याच काळात. एकाच शहरात दोन चिनी दारं, एक ताजमध्ये आणि एक रंगवलेल्या दाताखाली.

जुन्यापैकी चर्चगेटचं कामलिंग, कुलाब्याचं नानकिंग. नानकिंगवाल्या लिंग घराण्याचंच रीगल सिनेमाच्या मागचं लिंग्ज पॅव्हेलियन, आत छोटा पूल आहे, खाली पाण्यात मासे. बाबांना ते आवडेल, उजेडही बरा असतो.

---

कसारा लोकल

@माझगावकर, दोन वर्षांनी आलात तर आता थांबा जरा, वेगळा धागा काढा यावर.

---

सीए_साहेब

मूळ प्रश्नावर कोणीच बोलत नाहीये म्हणून.

सुट्ट्या हॉटेलला जीएसटी ५ टक्के. जिथल्या खोलीचं भाडं ७,५००च्या वर जातं अशा मोठ्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटला १८ टक्के. पाच माणसांच्या बिलात हा फरक चांगलाच बोचतो, म्हणून तारांकित हॉटेल टाळा. बिलात सर्व्हिस चार्ज होता का? तो आपोआप लावता येत नाही असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२मध्ये सांगितलंय आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५मध्ये ते उचलून धरलंय. नम्रपणे काढा म्हणायचं, काढतात.

योजना अशी. पाच जणांचे तुम्ही सांगितलेल्या भावाने ४,५००, खरे अंदाजे १६-१७ हजार. दुपारचा ठरलेला डिमसम लंच बऱ्याच ठिकाणी असतो, माणशी भाव ठरलेला, त्याने निम्म्यावर याल. वरचा फरक तुम्ही आधीच काउंटरवर भरून ठेवा आणि टेबलावर येणारं बिल बाबांच्या आकड्याचं आणा.

---

वालाची_उसळ

@सीए_साहेब, सर्व्हिस चार्ज होता. काढायला सांगायची हिंमतच नव्हती, माझ्या बापाच्या कवळीसाठी त्यांनी पोतं उलटं केलं होतं हो. वर अजून टीप ठेवून आले.

आणि खोटं बिल छापून आणायचं? हे सीए सांगतोय?

---

सीए_साहेब

खोटं नाही, उर्वरित रकमेचं.

---

तिरकस

सरळ खरं सांगा. डॉकमध्ये तीस-पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला माशाचा भाव कळतो. एका चोणकाचेच किती होतात त्यांना माहीत आहे. तुम्हाला वाटतंय तुम्ही फसवलंत.

---

वालाची_उसळ

@तिरकस, हे वाचून काल रात्रभर डोक्यात तेच. कारण टॅक्सीत ते गप्प बसले होते ना थोडा वेळ. पण मग बिल्डिंगभर का सांगतील? देशपांडे काकांना तर लिहून दिलंय हॉटेलचं नाव, ते पुढच्या आठवड्यात सुनेला घेऊन जाणार आहेत अठराशेत जेवायला. मला आता त्यांची काळजी.

---

कसारा लोकल

देशपांडे काकांचं बिल हा वेगळा धागा.

---

वालाची_उसळ

अपडेट.

आई काल आली. बाळ गोड आहे, नाक आमच्याकडचं. आल्या आल्या बाबांनी तिला सगळं सांगितलं, कवळीसकट, फक्त पातळ पारीचा भाग गाळून. आईने पहिला प्रश्न काय विचारावा? "तिरफळ जुनं होतं की नवं?" बाबा म्हणाले जुनं असणार, वास मेला होता.

मी स्वयंपाकघरात आईला एकटीला गाठून खरा आकडा सांगितला. ती दोन मिनिटं डब्याचं झाकण लावत बसली. मग म्हणाली, ह्यांना सांगू नकोस, मामा-मामींचं मी बघते, मामाला यायचंच नाहीये, त्याला तिकडचा उजेड कमी आहे हे सांगितलंय, मोतीबिंदू झालाय ना. म्हणजे पाचाचे तीन झाले. लिंग्जला जायचं ठरवतेय, बाबांना सांगितलं तिथे पाण्यात मासे आहेत, तर म्हणाले खायचे की बघायचे.

पण त्याआधी एकदा बीकेसीला जायचंय, जेवायला नाही. बाबांनी गावाहून चुलत्याकडून तिरफळ मागवली होती ती आज एसटीने आली. वर्तमानपत्राच्या पुडीत बांधून, वर रबर लावून, पुडीवर पेनाने त्या मुलाचं नाव लिहून माझ्या हातात दिलीत. म्हणाले त्याला सांग बी काढलेली आहे, उन्हात दोन दिवस ठेव, आणि त्याचं ते मुकथ्रुबी असेल तर थोडं दे म्हणावं, वास बघू कुणाचा जास्त.

पुडी आत्ता माझ्या ऑफिसच्या बॅगेत आहे. अख्खा लेडीज डबा वास घेत होता आज.

---

मीठमसाला

मुकथ्रुबी मिळालं तर दोन दाणे मला. पोस्टाचा खर्च मी देईन.

---

वेंगुर्ल्याचो

तिरफळा बरी आसत काय बगून घे आदी. एसटीत पावसाची वली झाली आसतीत तर इज्जत जातली.

---

कसारा लोकल

देशपांडे काकांचं काय झालं पण?

---

वालाची_उसळ

सुनेने पैसे भरले म्हणे. काकांना सांगितलं, एकोणीसशे.